कस्तुराबाईचा उलटा हात

पोखर्णीची कस्तुराबाई एकवीस वर्षं परभणीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. मी तिथंच गाठी उचलायचो. कापसाच्या ढिगांवर लक्ष ठेवायचं काम तिचं. ओलसर कापूस आतून तापतो, बाहेरून कळत नाही. ती ढिगात कोपरापर्यंत हात घालायची आणि उलटा करून बघायची. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला ऊब लवकर समजत नाही. बारा ढीग, तासाला एक फेरी. एकही चुकवलेली मला आठवत नाही. ढीग एकदाच पेटला, ती रजेवर असताना. तीन दिवस धुमसत होता.

काम सुटलं, पाय थांबले नाहीत. बसली की उठायची.

यंदा तिच्या मुलानं, महारुद्रनं, बॅटरीवरची स्कूटर घेतली. बॅटरी काढून घरात आणायची आणि पुढच्या खोलीत चार्जिंगला लावायची. त्याच खोलीत भाव येईपर्यंत ठेवलेला कापूस, पत्र्याला टेकलेला. कापसाशेजारी नातीची, राजनंदिनीची झोळी.

"बाहीर लाव," कस्तुराबाई म्हणाली.

"माय, ही सॉलिड-स्टेट हाय. साध्या बॅटरीत पातळ रसायन असतंय, ते पेट घेतंय. हिच्यात पातळ काहीच न्हाई. दुकानदार म्हणला, जळतच न्हाई."

"कापसात कुठं पातळ असतंय?"

महारुद्र हसला. "आता बॅटरीची नाडी बघत बस, वैदीणबाई."

ती खरंच बघायला लागली. भाकरी थापता थापता उठायची, हात लावून यायची. पाच मिनिटांत पुन्हा.

"आत्याबाई, तवा जळायलाय," सून राजेश्री म्हणायची. "बॅटरी न्हाई."

एका रविवारी सकाळी बॅटरी महारुद्रच्या हातून निसटून पायरीवर आपटली. एक कोपरा चेपला. त्यानं ती फडक्यानं पुसली, चार्जिंगला लावली आणि देवळाकडं गेला.

कस्तुराबाईच्या दुसऱ्या फेरीत तीन कोपरे कोमट होते. चेपलेल्या कोपऱ्यावर हात ठेववेना.

तिनं बटण बंद केलं, प्लग काढला. राजेश्रीला म्हणाली, "लेकराला घेऊन बाहीर हो." मग बॅटरीभोवती ओलं पोतं गुंडाळून ती उचलली. वजन बारा किलो, वय सदुसष्ट. अंगणापलीकडं वाळूचा ढीग होता, तिथं नेऊन ठेवली. मधे कुठं टेकली नाही.

महारुद्र आला. "धूर निघाला का?"

"न्हाई."

"मग?"

"निघाल्यावर काय करू?"

तो दिवसभर घुश्शात होता. तरी परभणीच्या धम्मानंदला फोन केला. धम्मानंद बॅटऱ्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, हलवू नका, मीच येतो. सोमवारी आला, मीटर लावलं.

"आतून शॉर्ट व्हायलीय. टाकून द्यायची."

"पण सॉलिड हाय ना?" महारुद्र म्हणाला.

"कमी पेटती, खरं हाय. पेटतच न्हाई, असं म्या तर कुणाला सांगणार न्हाई. आपटल्यावर आत काय तुटलंय, वरून दिसत न्हाई."

महारुद्र कापसाकडं बघत राहिला. मग झोळीकडं. दुसऱ्या दिवशी वाळूपलीकडच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडपर्यंत वायर न्यायला चर खणला, चाळीस फूट, निम्मा रानातून. वीतभर खोल होता.

"वायर नांगराच्या फाळाला लागंल," कस्तुराबाई म्हणाली. त्यानं पुन्हा खणला, हातभर. संध्याकाळपर्यंत पाठ धरली.

पंधरा दिवसांनी नवी बॅटरी आली. त्यानं शेडमध्ये लावली आणि वर हात ठेवला.

"उलटा," ती दारातून म्हणाली.

त्यानं हात उलटा केला. चारी कोपरे बघितले, येऊन ओट्यावर बसला. राजेश्रीनं चहा दिला. कस्तुराबाई उभीच होती. कप अर्धा झाला तशी म्हणाली, "जाऊन ये."

"आत्ताच तर बघितलं, माय."

ती चपला शोधायला लागली. महारुद्रनं कप खाली ठेवला आणि उठला.