प्लास्टरमधल्या हाताचा ठेका

मी ब्रिस्टलमध्ये विमानांच्या भागांची व्हायब्रेशन टेस्टिंग करते. एखादी गोष्ट थरथरली, तर का थरथरली हे शोधणं हेच माझं काम. त्यामुळे चमत्कारांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. तरीही हे लिहितेय...

वीकेंडला मी एका पोस्ट-पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. आमच्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं, आणि आमची ड्रमर जेमा सायकलवरून पडली. डावा हात प्लास्टरमध्ये!

"त्या गाण्याला ड्रम मशीन लावू," गायक नील म्हणाला. स्टुडिओ पुढे कित्येक महिने बुक होता, थांबणं शक्य नव्हतं.

"गाणं माझं आहे. मीच वाजवणार," जेमा म्हणाली. "एका हाताने."

स्टुडिओ म्हणजे एक जुनं चॅपल. भर दुपार, खिडक्यांतून लख्ख ऊन. जेमाचा उजवा हात स्नेअर ड्रमवर, डावा गळ्यातल्या झोळीत. डाव्या हाताने वाजवायचा फ्लोअर टॉम, म्हणजे खोल आवाजाचा मोठा ड्रम, नुसताच बाजूला उभा, माइकसकट. पहिले टेक अगदी पोकळ वाटले. मग एक टेक असा गेला की हेडफोनमध्ये गाणं अक्षरशः उसळलं.

रेकॉर्डिंग करणारा आदित्य लंडनच्या एजवेअरमध्ये जन्मलेला, तिशीतला मराठी माणूस. काचेपलीकडून माइकवर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मृणाल ताई, इकडे ये ना. फ्लोअर टॉम कोण वाजवली?"

"कोणीच नाही. का रे?"

त्याने बाकी सगळे माइक बंद करून फक्त त्या ड्रमचा ऐकवला. धिम्... धिम्-धिम्... काठीचे स्वच्छ टोले! जेमाच्या ठेक्यातला डाव्या हाताचा भाग, जसाच्या तसा.

माझ्यामागून आत आलेली जेमा स्पीकरजवळ सरकली. "मी मनात वाजवत होते तो," ती हळूच म्हणाली. "पण फक्त मनात."

माझा पहिला संशय माझ्याच बेसवर. अँपच्या आवाजाने ड्रमचं कातडं थरथरू शकतं — पण सगळं करून बघितलं, नुसती घरघर येते, टोला नाही. जुनं रेकॉर्डिंग मिसळलं म्हणावं, तर हे गाणं आधी रेकॉर्डच झालं नव्हतं. नीलने कोपऱ्यात फोन लावून ठेवला होता. त्या व्हिडिओत जेमाचा हात झोळीत आहे, टॉमजवळ कोणी नाही — आणि टोले ऐकू येतायत!

"काढून टाकू का?" आदित्यने विचारलं.

"हात तर लावून बघ!" जेमा कडाडली.

अल्बम आला, त्याच टेकसकट. लाँचच्या गिगला हॉल खच्चून भरला होता. शेवटच्या गाण्याला अनोळखी माणसं तो ठेका पायांनी धरत होती, आणि जेमा दोन्ही हातांनी ड्रम्स अक्षरशः बडवत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

स्टेजमागे मी तिला विचारलं, "ते आठवून भीती नाही वाटत तुला?"

घामाने निथळत ती हसली. "भीती कसली? हात माझाच होता की."

असेल. मला अजून उत्तर सापडलेलं नाही... बाहेर लोक "वन मोअर!" ओरडत होते. आम्ही पुन्हा स्टेजवर गेलो.