भावोजींच्या मशीनला माझा कापूस

धूर काढायला बाळकुमच्या आमच्या भावोजींइतके कष्ट कोळशाच्या इंजिनानेसुद्धा घेतले नसतील. भावोजी म्हणजे ह्यांचे कंपनीतले मित्र. मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचेच, जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकाच्या अकराव्या मजल्यावर भावोजी. चाळीस वर्षं सिगरेट ओढली, मग नात म्हणाली, "आजोबा वास येतो," आणि जवळच येईना. म्हणून त्यांनी ती इलेक्ट्रॉनिक सिगरेट आणली. विक्रीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट.

त्या सिगरेटचं काळीज म्हणजे ॲटमायझर. बोटाच्या पेराएवढी निकोटिनच्या रसाची टाकी, आत तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापूस. कापूस रस शोषतो, तार तापते, वाफ होते. एवढं मला पाठ आहे, कारण कित्येक महिने मी दुसरं काही ऐकलंच नाही. भावोजी ॲटमायझर पारखायचे तसे लोक जावईसुद्धा पारखत नाहीत. एक गळका, एक तापट, एक "दिसायला गोरा, पन दम नाय". असे पाच जण मिसळणाच्या डब्यात, एकेका वाटीत निजलेले. त्यांना रोज कोमट पाण्याने अंघोळ, तार मऊ ब्रशने घासायची, रबरी कड्या रुमालावर वाळत.

हे गेल्यावर भावोजी डोंबिवलीला भेटायला आले, तेव्हा मी देवासाठी वाती वळत बसले होते. त्यांनी एक वात उचलली, ताणली, उजेडात धरली. "वयनी, असा कापूस दुकानात मिलत नाय." इतक्या वर्षांत माझ्या वातींचं कौतुक देवानंही केलं नव्हतं. ज्या मी ह्यांना सिगरेटसाठी जन्मभर जिन्यात उभं केलं, तीच मी चष्मा लावून, चिमटा धरून भावोजींच्या तारेत कापूस ओवू लागले.

मग ते दर रविवारी यायला लागले. वात बसवायची, चहा घ्यायचा, ह्यांची कंपनीतली भांडणं आठवून हसायचं. ही वात सैल लागते. घट्ट झाली की रस पोचत नाही आणि कापूस जळतो. हे कळल्यावर, आता लाज सोडून सांगते, मी वात किंचित घट्ट वळायला लागले. भावोजी बुधवारीच हजर.

"वयनी, परत जलकी चव. टाकीच खोटी निघली."

"बघू इकडे," मी म्हणायचे, अगदी डॉक्टरीणबाईंसारखी. त्यांनी दोन ॲटमायझर बदलले, दुकानदाराशी भांडले. मी आपली बशीत बिस्किटं मांडत राहिले.

एका बुधवारी आले ते डबा न घेताच. "सोडली, वयनी. त्या जलक्या चवीनं मनच उडालं. सिगरेट पन नको नि मशीन पन नको." रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. दहा मिनिटांत उठले.

संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन. "मावशी, तुमच्याकडे येऊन येऊन सुटलं हो बाबांचं. पोरगी आता त्यांच्या मांडीवरून उतरत नाही." मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. माझ्या लबाडीतून एवढं पुण्य निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

परवा भावोजींचा फोन आला होता. "यायचं म्हंतो वयनी, पन शीळफाट्याच्या ट्राफिकला दोन तास जातात. नि आता काम पन काय नाय."

"हो ना," मी म्हणाले.

काम नसलं तरी या, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं मी, मोठ्यानं म्हटलं, पण फोन ठेवल्यावर.