साडेपाच तासांचा फरक

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सव्वासात झाले होते. त्याच्या बायकोचा, नीलावहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भाऊजी, हे गेले. मी ऑफिसातून आले तर आतल्या खोलीत दिवाणावर होते. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असणार." मी दिल्लीला लागून असलेल्या वसुंधरा वसाहतीतल्या माझ्या घरून टॅक्सी पकडली. मयूर विहारला त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी उतरतो न उतरतो तोच खिशातला फोन वाजला. आठ वाजले होते, आणि रोज आठला येतो तसा दिगंबरच्या घरच्या बॅकअपचा मेल आला होता. मजकूर त्यानंच पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेला, यंत्र फक्त त्यात आकडे भरायचं. "नमस्कार. आज एक बदल. वेळ दुपारी तीन दहा. बाकी सगळं जागच्या जागी. – दिगंबर." सकाळी गेलेला माणूस मला दुपारची खबर देत होता... मी फोन परत खिशात टाकला आणि लिफ्टमध्ये शिरलो. अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करतो.

आम्ही दोघं एकाच सरकारी खात्यात, तो संगणक विभागात आणि मी भाषांतर विभागात. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच बहुधा मैत्री टिकली. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, बागेत चकरा मारतात. यानं ओळखीच्या मराठी घरांचे फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रबंध सांभाळायचा वसा घेतला. पहिल्या दिवशी सगळं उतरवून घ्यायचं आणि पुढं रोज फक्त जे बदललं तेवढंच. आधीचं पुसायचं नाही, नवं त्याच्या शेजारी ठेवायचं, अशी ती पद्धत. ऐकायला सोपी. पण त्याच्या स्वतःच्या घरातच वहिनींचा मॅक, त्याच्या यंत्रावर लिनक्स आणि त्याच यंत्रावर बँकेच्या कामापुरतं विंडोज असे तीन पंथ नांदत होते आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. या भांडणांची नोंद तो 'कुरबुरी' नावाच्या फाइलीत ठेवायचा. "नीलाचा मॅक झाकण मिटलं की काम अर्धवट टाकून झोपतो. स्वभाव आहे." "विंडोज उघड्या फाइलीला हात लावू देत नाही. उगाच संशय." असं सगळं. तिन्ही पंथांचा माल कपाटातल्या मिक्सरच्या खोक्याएवढ्या एका पेटीत जमा व्हायचा, आणि त्याची एक प्रत माझ्या घरी यायची. म्हणून रोजचा मेल वहिनींना जायचा तसा मलाही यायचा.

माझ्या जुन्या डिस्कनं त्याला तीन रविवार घुमवलं होतं. एकही फोटो बदलला नसताना रोज सगळेच्या सगळे फोटो नव्यानं उतरायचे. मी म्हटलं, डिस्क फेकून देतो. तो ऐकेना. तिसऱ्या रविवारी पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाला, "यार अशोक, सापडलं. तुझी डिस्क वेळ दोन-दोन सेकंदांनी मोजते, माझी पेटी त्याहून बारीक मोजते. मग तिला रोज वाटतं, हे सगळं बदललंय." मी विचारलं, आता काय करायचं. "काही नाही. दोन सेकंदांकडे काणाडोळा कर, असं पेटीला सांगायचं. संसारात तेच करतो की आपण." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अच्छा, तुम्ही कधी केलात?" तो दिवसभर हसत होता. मला त्याचं हे हसणं फार आठवतं.

तो गेल्यावरही खोलीतलं यंत्र कुणी बंद केलं नाही. माझा धीर झाला नाही आणि वहिनींनी काही म्हटलं नाही. त्यामुळे मेल येतच राहिले. "नमस्कार. आज काही बदल नाही. सगळं जागच्या जागी. – दिगंबर." बारा दिवस हेच. तेराव्या दिवसाचं जेवण आटोपून घरी आलो, हातपाय धुतले, आठ वाजले आणि मेल आला. "आज एक बदल. वेळ सकाळी अकरा." मी हातातला कप खाली ठेवला. बायको म्हणाली, चेहरा का असा झाला तुझा. दुसऱ्या दिवशी न राहवून वहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "पाहुणे येणार म्हणून मी टेबलावर फडकं मारलं, भाऊजी. चार बटणं दाबली गेली असतील." मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण फोन ठेवायच्या बेतात असताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशीचा मेल तुम्हालाही आला होता ना? तीन दहाचा?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी एक वाजता त्यांनी गुरुग्रामच्या ऑफिसातून घरी फोन केला होता. दिगंबरनं उचलला नाही. त्यात नवल नव्हतं, यंत्राशी बसला की तो फोन स्वयंपाकघरात टाकून यायचा. पण त्या दिवशी त्यांना चैन पडेना. पर्स घेऊन उठल्यासुद्धा. दोनची मीटिंग होती, शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अरे सो गए होंगे, बैठो." त्या बसल्या. "एकला निघाले असते, तर मेट्रोनं तीनच्या आत घरी असते," त्या म्हणाल्या. "सकाळीच गेले असतील, तर माझ्या येण्या-न येण्यानं काही फरक नव्हता. पण तीन दहाला ते जिवंत असतील, तर... भाऊजी, ती वेळ खरी आहे का, तेवढं बघून सांगा."

मला आशा होती, कारण एक जुनी कुरबूर मला त्याच्याच तोंडून ठाऊक होती. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असलं की आतलं घड्याळ एकच, पण एक ते भारतातली वेळ म्हणून वाचतं आणि दुसरं ग्रीनिचची म्हणून. विंडोजमधून लिनक्समध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास पुढं उडी मारतं. इंटरनेट नसेल, तर ती चूक तशीच राहते. म्हणजे सकाळी नऊ चाळीसला केलेल्या कामावर दुपारच्या तीन दहाचा शिक्का बसू शकतो. हे दुरुस्त करायला एक ओळ पुरते, पण तो कित्येक वर्षं "करू, करू" म्हणत होता. हिशेब इतका चपखल बसत होता की त्यांच्या घरी जाताना मेट्रोत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेलो.

खोलीत शिरलो तर पडदे ओढलेले. एक बटण दाबलं आणि संगणकाचा पडदा उजळला. 'कुरबुरी' उघडीच होती. शेवटी फडक्यानं उमटवलेली निरर्थक अक्षरं, आणि त्यांच्यापुढं कर्सर लुकलुकत होता. दिगंबरनं एकदा शिकवलं होतं तशी मी पेटीतून त्या दिवसाची प्रत काढली. ती जशीच्या तशी होती. शेवटची नोंद अशी: "घड्याळाचं काम एकदाचं केलं. आता दोघांची वेळ एक. पेटीशी ताडून पाहिलं." पेटीचं घड्याळ वेगळं आणि कधीही न चुकणारं. तिची स्वतःची नोंद पाहिली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. माझ्या पाठीमागं दिवाण होता. मला मान वळवून बघवेना. या माणसानं आयुष्यभर टाळलेलं काम नेमकं त्याच दुपारी हातावेगळं केलं होतं, आणि मला खोटं बोलायला जी एक फट होती ती बुजवून टाकली होती. मला त्याचा राग आला, खरंच आला.

तरीही मी बाहेर जाऊन खोटं बोललो. साडेपाच तास, ग्रीनिच, सगळं समजावलं. "नऊ चाळीस, वहिनी. बिल्कुल नऊ चाळीस." त्या शांतपणे ऐकत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. चहा ठेवायला उठल्या, ओट्याशी पोहोचल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"भाऊजी, त्यांचा डबा रिकामा होता."

त्यांनी चहाचं पातेलं ओट्यावर ठेवलं.

"मी सकाळी दोन डबे करते, एक माझा, एक त्यांचा. दुपारच्या बातम्या ऐकल्याशिवाय, दीडच्या आधी ते कधी जेवले नाहीत. त्या संध्याकाळी डबा रिकामा होता. डॉक्टर यायच्या आत मी तो घासून ठेवला. कुणालाच सांगितलं नाही... मला वाटलं, यंत्र तरी वेगळं सांगेल. तुम्ही सांगितलंत तेव्हा मिनिटभर बरं वाटलं."

मी त्यांना आत नेलं आणि ती नोंद दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिणार आहात ना यांच्यावर? मग वेळ बरोबर लिहा." म्हणून लिहितो आहे. दिगंबर सकाळी गेला असं मी ज्यांना ज्यांना फोनवर सांगितलं, त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावं. तो तीन दहानंतर कधीतरी गेला. दोडक्याची भाजी आणि पोळ्या खाऊन, घड्याळाचं काम संपवून गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींना फोन केला, तर मागे मेट्रोतली घोषणा ऐकू येत होती. दुपारची वेळ होती. त्यांनी ऑफिसात अर्धा दिवस मागून घेतला आहे, पगार कापून. रोज एकला निघतात. मी विचारलं, इतक्या लवकर घरी जाऊन करता काय?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तीनच्या आत पोहोचते."