ठिपका नाल्याच्या अलीकडे

त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होतं. चौकीचं नाव सांगणार नाही. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत आणि निघूही नयेत.

हे लिहितोय आमच्या रविवारच्या ग्रुपसाठी. मी वसईजवळ गोखिवऱ्यात राहतो. ग्रुपमधली मंडळी सगळी नोकरदार. रविवारी चांदीपच्या बाजूच्या डोंगरात डबे लपवायचे, त्या जागेचे अक्षांश-रेखांश एकमेकांना पाठवायचे आणि मोबाइल हातात धरून ते शोधत फिरायचं, हा त्यांचा छंद. मीही जातो. गुडघे कुरकुरतात, पण जातो. मागे एकदा फोनवरचा ठिपका डब्यावर आला आणि डबा काही सापडेना. ग्रुपमधली श्वेता वैतागली.

"काका, हा जीपीएसच बकवास आहे. तुमच्या आर्मीवाला एकदम परफेक्ट असेल ना?"

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज देतो.

मी हवालदार होतो. चौकीवरचं आयुष्य सांगण्यासारखं काही नाही. बर्फ वितळवून पाणी करायचं, रायफल साफ करायची, रेडिओ सेटवर ठरल्या वेळी हजेरी द्यायची. आठवड्यातून एकदा आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, शेजारच्या चौकीपर्यंत जाऊन परत यायची. तुकडीकडे हातात मावणारं एक जीपीएस यंत्र असे. त्याच्या बॅटऱ्या थंडीनं लगेच मान टाकायच्या. म्हणून जादा बॅटऱ्या आम्ही बनियनच्या आत, काखेत धरून चालायचो. थंड काढायची, ऊबदार घालायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की विडी पेटवणाऱ्यानं तरी जास्त विचार केला असता.

लान्स नायक आंतोन पेट्रोलचा रेडिओ ऑपरेटर. आपल्या वसईच्या पाचूबंदरचा. बाप आणि भाऊ मासेमारीवर, हा एकटा फौजेत. समुद्रावर वाढलेला माणूस बर्फात काय करणार, असं मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "हवालदार, ह्ये बी पानीच हाय. खाली उभा रायला देतंय, येवराच फरक." सेटवर त्याचा आवाज कधी चढला नाही. वादळात असा आवाज ऐकला की धीर येतो.

त्या दिवशी पेट्रोल परतीच्या वाटेवर असताना दुपारी वारा सुटला. थोड्याच वेळात सगळं पांढरं झालं. स्वतःचा पसरलेला हात दिसेना. सेट खरखरला, पलीकडे आंतोन होता.

"अल्फा कॉलिंग. सिपाही कदम घसरला. मांडी मोडली आहे. उचलून हलवणं शक्य नाही. खडकाच्या आडोशाला बसलोय. ओव्हर."

"लोकेशन दे."

त्यानं आकडे वाचले. मी उलट वाचून दाखवले. त्यानं "बरोबर" म्हटलं. आमची रेस्क्यू पार्टी निघाली. पुढे लेफ्टनंट साहेब, मागोमाग मी, माझ्या मागे चार जवान, स्ट्रेचर आणि दोर. कदमकडे अंधार पडेपर्यंतचा वेळ होता. अशा थंडीत मोडलेला माणूस पडून राहिला की आधी बडबडतो, मग गप्प होतो, आणि गप्प झाला की संपलं.

चौकीवरचं दुसरं यंत्र आमच्याकडे होतं, वाटेत त्याची बॅटरी गेली. नियमाप्रमाणे काखेतली घातली. यंत्र सुरू झालं, उपग्रह सापडले, आकडे पुन्हा घातले, बाण आला. आम्ही बाणामागे चालत राहिलो.

आणि पोहोचलो. यंत्रानं तसं सांगितलं. ठिपका ठिपक्यावर. पडद्यावर लिहिलेलं, अचूकता पाच मीटर. पाच मीटरवर तिथं कोणी नव्हतं. दहावर नव्हतं. खडकही नव्हता.

साहेब तरुण होते, हुशार होते. ते म्हणाले, "थोडं पुढे असतील. सरळ चला."

"साहेब, थांबा. नकाशात इथं उतार डावीकडे आहे. पायाखाली तर उजवीकडे जातोय."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?"

"माहीत नाही. पण जमीन खोटं बोलत नाही."

ते थांबले. याबद्दल मी त्यांना आजही मानतो. मी शिट्टी फुंकली. वाऱ्यानं ती कुठं नेली कळलं नाही. पुन्हा फुंकली. सेटवर आंतोन आला.

"शिट्टी ऐकू आली. तुम्ही नाल्याच्या अलीकडच्या अंगाला आहात. आम्ही पलीकडे. पुढं येऊ नका, मधे बर्फाचा छज्जा आहे, खाली पोकळ. ओलांडायची जागा वरच्या बाजूला आहे. ओव्हर."

"वर म्हणजे किती?"

"दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. मी येऊन दाखवतो."

"निगेटिव्ह. जागेवर थांब."

मग तोच संथ आवाज. "हवालदार, कदम बडबडायचा थांबलाय."

तो निघाला. कमरेला दोर होता, दुसरं टोक पेट्रोलचे प्रमुख नायब सुभेदार साहेब यांच्या हातात. आम्ही शिट्टी देत राहिलो आणि तो आवाजाच्या रोखानं येत राहिला. थोड्या वेळानं पांढऱ्यात फट पडली आणि नाल्यापलीकडे एक काळी आकृती उमटली. त्याच्या हातात काठी होती, तिला केशरी फडकं बांधलेलं. ओलांडायच्या जागी त्यानं ती काठी बर्फात रोवली. पण उडत्या बर्फातून ती आम्हाला दिसतेय की नाही याची त्याला खात्री होईना. तो आणखी थोडा पुढे आला. दोर संपला असावा. त्यानं कमरेची गाठ सोडली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो. वारा समोरून होता.

त्यानं हात वर केला आणि काठीकडे दाखवलं. आम्ही हात वर करून "दिसली" अशी खूण केली. त्याला ती खूण दिसली. तो वळला, आणि त्याच्या पायाखालचा छज्जा गेला. आवाज फार झाला नाही.

आम्ही काठीपाशी नाला ओलांडला. कदमला उचललं. तो जगला. आज लंगडतो, पण त्याला दोन मुली आहेत आणि दरवर्षी मला फोन करून तो आधी आंतोनबद्दल बोलतो, मग स्वतःबद्दल. आंतोनला आम्ही वादळ ओसरल्यावर शोधलं, पुढेही शोधलं. नाला खोल होता आणि वरून बर्फ येतच राहिला. तो मिळाला नाही.

चौकीवर परतल्यावर साहेबांनी यंत्राचं सेटिंग उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. नकाशा बनवताना पृथ्वीचं एक माप गृहीत धरावं लागतं, त्याला डेटम म्हणतात. आमचे जुने नकाशे एका मापावर होते, उपग्रहांचं माप वेगळं. आकडा तोच, पण दोन मापांत तो दोन ठिकाणी पडतो, शे-दोनशे मीटरच्या फरकानं. म्हणून प्रत्येक यंत्रात नकाशाचं माप आधी लावून ठेवलेलं असे. पेट्रोलच्या यंत्रात ते होतं. आमचं यंत्र बॅटरी बदलताना कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं. आंतोनचे आकडे बरोबर होते. आमच्या यंत्रानंही आपल्या परीनं बरोबरच सांगितलं. दोन्ही बरोबर आणि मधे एक नाला.

म्हणून श्वेता, पडद्यावरचे "पाच मीटर" वाचून मी खूश होत नाही. दरीत, झाडीत, उंच इमारतींच्या मधे उपग्रहाच्या रेडिओ लाटा आपटून येतात, ठिपका सरकतो, तेही ठीक. पण यंत्र चुकलं तर ते लाजत नाही, त्याच तोऱ्यात चुकीची जागा दाखवतं. ग्रुपमध्ये मी दर वेळी सेटिंग बघायला लावतो आणि तुम्ही हसता. हसा. दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताक फुंकूनच पिणार.

रिटायर झाल्यावर मी वसईत घर घेतलं, त्याला एक कारण आंतोनची आई. मी तिला मावशी म्हणतो. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव सिमेटरीत जातं, आपापल्या कबरीवर फुलं ठेवतं, मेणबत्त्या लावतं. मावशीला कबर नाही. ती गेटजवळच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, एक मेणबत्ती लावून घरी यायची. मागच्या वर्षी मला म्हणाली, "सगल्यांची मानसं कुठं हायेत ते त्यांना म्हाईत हाय. माज्या पोराची जागा मला कोनीच सांगत नाय. तू तिथं व्हतास ना?"

मी होतो. आकडे मला पाठ आहेत. आंतोनचा भाऊ पास्कल याच्या बोटीवर जीपीएस आहे, मासळीच्या जागा त्यात साठवलेल्या असतात. धक्क्याला लागलेल्या बोटीत बसून मी आकडे घातले. शेवटचे गाळले, फौजेची सवय. म्हणजे जागा किलोमीटरभर इकडे-तिकडे झालीच. एवढं करून डेटम कुठला आहे ते मात्र मी तपासलं. मावशी बाजूला धक्क्यावर उभी होती. बाण येईना. आला तरी गोल गोल फिरत होता.

"ह्ये काय? त्यालाबी म्हाईत नाय?" ती म्हणाली.

"मावशी, उभ्या बोटीत याला दिशा कळत नाही. बोट चालायला हवी."

आंतोन गेल्यापासून ती बोटीत चढली नव्हती. पास्कलनं माझ्याकडे पाहिलं. मावशीनं पदर खोचला, बोटीत उतरली आणि फुलांची पिशवी पोटाशी धरून खाली बसली. "चालव," म्हणाली.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर पास्कलनं बोटीचं तोंड उत्तरेला, अर्नाळ्याच्या बाजूला वळवलं. बाण थरथरला आणि सरळ झाला. खाली अंतर आलं, नऊशेहून जास्त सागरी मैल. मावशीला वाचता येत नाही. तिनं बाण पाहिला, मग मान वर करून समोर पाहिलं.

"तिकडं?"

"तिकडं. पण अगदी तीच जागा नाही मावशी. थोडा फरक आहे."

"आसू दे. आई हाय मी. मला येवरं पुरं."

तिनं फुलं पाण्यात सोडली. पास्कलनं इंजिन हळू केलं, पण बंद केलं नाही. हलत्या बोटीत नीट उभं राहता येत नाही. तरी मी एका हातानं दोर धरून सावधान उभा राहिलो आणि दुसऱ्या हातानं लान्स नायक आंतोनला सॅल्यूट केला.