हिरवळीवरचा चहा

इंग्रज मुत्सद्द्याच्या बायकोने हरबन्सच्या कपात साखर घातली आणि हसत विचारलं, “तुमचं गाव कुठलं?”

महायुद्ध संपलं होतं, फाळणीही होऊन गेली होती आणि दिल्लीत चहापार्ट्यांना ऊत आला होता. माझे यजमान परराष्ट्र खात्यात नवे होते. त्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची बायको हरबन्स आमची शेजारीण. त्या दिवशी ती आमच्याबरोबर आली होती.

“लाहोर,” ती म्हणाली.

“वा, किती सुंदर शहर! मग माहेरी कधी जाणार?”

“माहेर जाळलं. नकाशावर रेघ तुमच्या माणसांनी ओढली, तेव्हा कधी जायचं ते तुम्हीच सांगा.”

बाई खळखळून हसल्या आणि पुढच्या पाहुण्याकडे वळल्या. नको ते ऐकू न येणं, यालाच तिथे शिष्टाचार म्हणत असावेत. अशाच हसण्यात करार होतात, सरहद्दी ठरतात, आणि माणसं मरतात ती अशा हिरवळींपासून पुष्कळ लांब. मी माझा कप तसाच टेबलावर ठेवून दिला.

यजमान मात्र लगबगीने बाईंच्या मागे गेले. “माफ करा, त्या जरा दुःखात आहेत,” म्हणत चक्क वाकले. राज्य गेलं होतं, पाठ अजून सरळ व्हायची होती.

परतताना टांग्यात मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसले. हरबन्सच माझा हात धरून म्हणाली, “जाऊ द्या बहनजी, नोकरी आहे त्यांची.”

जिचं सगळं गेलं, समजूतदारपणाही तिनेच दाखवायचा! त्या इंग्रज बाईंना मी कधीच विसरले असते. यजमानांना मात्र त्या संध्याकाळबद्दल मी आजवर माफ केलेलं नाही.