ज्युनियर रुद्राचा हात

आमचे हे मंचावर आले की पालकोल्लूपासून तुनीपर्यंतच्या जत्रांत शिट्ट्या थांबायच्या नाहीत. फलकावर नाव ‘ज्युनियर रुद्र’. खरं नाव नूकराजू, पण ते फक्त रेशनकार्डावर आणि आमच्या भांडणात. खऱ्या रुद्रबाबूंचा, त्या तेलुगू हिरोचा, सिनेमा लागला की हे पहिल्या दिवशी लागोपाठ तीन खेळ बघायचे आणि वहीत टिपून घ्यायचे: टॉवेल कसा उडवला, मान कुठे वळवली, चालताना कुठला पाय ओढला. जत्रांत नाच-नकला करणारा आमचा मेळा होता, त्यात मी नायिका. सव्वीस वर्षं यांच्याबरोबर नाचले आणि रोज या माणसाच्या तोंडाला पावडर मीच फासली, म्हणून बोलायचा हक्क आहे मला.

आम्हाला एक बाळ झालं होतं. मी पोटुशी असताना यांनी माझ्या पोटावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली आणि पुढच्याच जत्रेत मोडली. बाळ अकरा दिवस राहिलं. डॉक्टरांनी दुसरंच कारण सांगितलं, पण यांनी जो धसका घेतला तो घेतलाच. दारू सुटली आणि शपथ हा शब्दही सुटला.

पुढे रुद्रबाबूंनी पक्ष काढला. ते जिथे पोचणार नाहीत तिथे आमचे ज्युनियर प्रचाराच्या गाडीवर उभे राहून हात हलवणार. लोकांना ठाऊक असायचं, ते हसायचे, पोरं यांच्याबरोबर नाचायची. त्यात कुणाची फसवणूक नव्हती.

फसवणूक केली ती मल्लेलंकेत. गोदावरीच्या पात्रातल्या बेटावरचं गाव, शाळा पलीकडच्या काठावर. आदल्या पावसाळ्यात शाळेची होडी उलटून दोन पोरं गेली होती. गावानं ठरवलं, रुद्रबाबू स्वतः येऊन पुलाचा शब्द देतील तरच मत. पक्षाच्या उमेदवाराचा मेहुणा सुब्बराजू आमच्याकडे आला आणि यांना म्हणाला, “काळा चष्मा लावायचा, गाडीतनं उतरायचं नाही, दोन वाक्यं बोलायची आणि परत फिरायचं.”

“हे पाप आहे,” मी म्हटलं.

“वहिनी, निकाल लागू दे. पाप मग सगळे मिळून धुऊ.”

मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा खुलला होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लोक यांना खरा समजणार होते. तेवढ्यावरच गडी हुरळून गेला.

तराफ्यावर गाडी चढवून आम्ही पलीकडे गेलो. भर दुपार. बायकांनी आरत्या ओवाळल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. यांनी छतातून वर येऊन रुद्रबाबूंच्या भरदार आवाजात पुलाचं सांगितलं. टाळ्या पडल्या. सुब्बराजूनं गाडी वळवायची खूण केली आणि तेवढ्यात मला मागच्या काचेतून दिसलं, सात-आठ बाप्यांनी तराफ्याचा दोर सोडवून हातात धरला होता. आणि ते तो सोडत नव्हते.

एक हडकुळी म्हातारी पुढे आली. तिचं नाव सत्तेम्मा. बुडालेल्या दोघांतला एक तिचा नातू. तिच्या हाताला त्या नातवाची बहीण, सहा वर्षांची लोवा.

“बाबू, खाली या,” ती म्हणाली.

“उतरू नकोस,” सुब्बराजू दात आवळून पुटपुटला. “ओळखलं तर हाडं मोडतील. तुझीही आणि माझीही.”

गर्दी काचेला भिडली. हे उतरले.

“आजवर पाच जणांनी माइकवरून शब्द दिला,” सत्तेम्मा म्हणाली. “मला तसला नको. हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा. पूल होईल, आणि होईस्तोवर ही पोर सुखरूप शाळेत जाईल-येईल.”

मी पावडरचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. मनात म्हटलं, नाही म्हण रे बाबा, मार खाऊ आपण. यांचा हात वर गेला, मध्येच थांबला. दोर धरलेले बाप्ये बघत होते. मग हात पोरीच्या डोक्यावर टेकला. तो थरथरताना मला गाडीतनं दिसत होता.

“शब्द दिला,” हे म्हणाले, आणि आवाज रुद्रबाबूंचा नव्हता. आमच्या घरातला, बारीक, घोगरा आवाज होता. सत्तेम्मानं यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, “सोडा रे दोर.”

निवडणूक जिंकली. पुलाचं नावही कुणी काढलं नाही. यांचं अन्न तुटलं. कुठे होडी उलटल्याचं ऐकलं की पोरगी होती का, हेच विचारायचे. मी यांना देवळातल्या पुजारी पंतुलूंकडे नेलं. ते म्हणाले, वेषातली शपथ लागत नसते, मंचावरचा राम घरी येऊन वनवासाला जातो का?

“वेष रुद्रबाबूंचा होता,” हे म्हणाले, “पण हात माझा होता ना.”

दसऱ्यानंतर नदी फुगली आणि एका सकाळी हे मल्लेलंकेला निघाले. टोप नाही, चष्मा नाही. मी शिव्या घालत मागोमाग. गावात कुणी ओळखलं नाही. सत्तेम्मा अंगणात सुकी कोळंबी निवडत होती. यांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. मी फाटकापाशी उभी राहिले, गाव गोळा झालं तर यांना ओढून पळता यावं म्हणून.

सत्तेम्मानं मान वर केली नाही. “ठाऊक होतं. खरा असता तर गाडीतनं उतरला नसता.”

माझं डोकं फिरलं. “मग पोरीचं डोकं कशाला पुढे केलंस, बाई? काही लाज?”

“खऱ्याला कशाची भीती? दहा डोक्यांवर हात ठेवून तो निवांत जेवला असता. याचा हात थरथरत होता. मला तसलाच माणूस हवा होता.” मग यांच्याकडे बघून म्हणाली, “पूल तुझ्यानं व्हायचा नाही. उरलेल्या अर्ध्या शब्दाचं बोल. होडीवरचा माणूस सकाळीच पिऊन येतो. उद्यापासून तू ये.”

यांना वल्हं धरता येत नव्हतं. महिनाभर एका कोळ्याच्या हाताखाली शिकले, तळहात सोलून निघाले. रात्री हळद लावताना मी म्हणायची, अजून वेळ आहे, पळून जाऊ. हे ऐकायचे आणि पहाटे उठायचे. शेवटी आम्ही मल्लेलंकेच्याच काठावर झोपडी घातली. मेळा मोडला.

याला चार वर्षं झाली. पूल नाही, म्हणजे शब्द अजून फिटलेला नाही. लोवा आता पाचवीत आहे, होडीत तिच्याबरोबर आणखी दहा पोरं असतात. नदीला पाणी असलं की मला सकाळी घास उतरत नाही. मी या काठावर उभी राहते. पलीकडे अकरा डोकी उतरलेली मोजते. मगच चुलीला हात लावते.