चेन लावणारी

शनिवारी दुपारी छोट्या टेम्पोतून मशीन आलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या बायका दारात उभ्या होत्या. मिलिंदने टेम्पोवाल्याला मागे घे, डावीकडे घे, असं इतक्या मोठ्याने सांगितलं की उरलेल्याही बाहेर आल्या. मशीन कारखान्यातलं होतं, टेबलासकट, खाली मोटर. चौघांनी उचलून ते अंबरनाथ पश्चिमेच्या बैठ्या चाळीतल्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं. तिथे मिलिंदच्या आईची, गयाबाईची, खाट असायची. ती सकाळीच स्वयंपाकघरात हलवली होती, ओट्यापासून हातभर अंतरावर. गयाबाई म्हणाली, "बरं झालं. आता फोडणी अंगावरच उडेल, ताटात वाढायला नको."

तिची सून माया हसली नाही. ती मशीनकडे बघत होती. एकोणीस वर्षं ती याच मशीनवर बसली होती. डाव्या कडेला जिथे तिचं कोपर टेकायचं तिथला सनमायका झिजून आतलं लाकूड दिसत होतं. कारखान्यात ते कधी इतकं मोठं वाटलं नव्हतं.

उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात जितेशभाईंचा जीन्सचा कारखाना होता. होता म्हणायचं, कारण पुढच्या महिन्यापासून तो भिवंडीकडे जाणार होता. जितेशभाईंनी एकेकाला बोलावून विचारलं. तिकडे यायचं असेल तर या, पीसचा भाव थोडा कमी होईल, जाण्यायेण्याचं तुमचं तुम्ही बघा. यायचं नसेल तर जे काय असेल ते देऊन टाकतो. मायाला मात्र त्यांनी वेगळं सांगितलं. तिला ते पहिल्यापासून अदी म्हणायचे, सिंधीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

"अदी, तुझं मशीन तू घेऊन जा. घरी लाव, स्वतःचं काम सुरू कर. कितने दिन दुसरे का करेगी? दोन दिवस घरी ठेवून बघ, सोमवारी सांग. नको असेल तर टेम्पो परत पाठवतो."

हे तिने घरी सांगितलं ही तिची चूक. आधी स्वतःशी ठरवून मग सांगायला हवं होतं. मिलिंदचं एमआयडीसीतलं काम सुटून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून कधी चार महिने वॉचमन, कधी कुणाच्या दुकानात, कधी नुसतंच घरी. तो ऐकता ऐकता जेवणाच्या ताटावरून उठला आणि खिडकीचं माप घ्यायला लागला. खिडकीला फळी लावली की काउंटर होईल. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, ड्रेस. चिखलोलीला नव्या बिल्डिंगा झाल्यात, तिथल्या बायका नोकरीवाल्या, त्यांना शिवून घ्यायला वेळ कुठे आहे, मी जाऊन कपडे घेऊन येईन, तयार झाले की देऊन येईन. तो इतका वेळ सलग बोलल्याला किती दिवस झाले होते ते मायाला आठवेना. कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी प्रीती फोन बाजूला ठेवून म्हणाली, "मम्मी, पेज मैं बना देती हूँ, फोटो तेवढे चांगले काढू." तिने पेजचं नाव पण ठरवलं. प्रीती लेडीज टेलर्स.

कुणीच मायाला विचारलं नाही की तुला शिवता येतं का. विचारण्यासारखं ते नव्हतंच.

जीन्सच्या कारखान्यात एक माणूस एक पँट शिवत नाही. कापणारा मास्तर वेगळा. मग एक जण खिसे लावतो, एक मांड्या जोडतो, एक कंबरपट्टा, एक लूप. बंडल या हातातून त्या हातात जातं आणि शेवटी पँट होऊन बाहेर पडतं. प्रीती दीड वर्षाची असताना माया तिथे लागली. त्या दिवशी चेन लावणारा माणूस गावाला गेला होता म्हणून तिला चेनवर बसवलं. तो परत आलाच नाही. तिचा हात इतका बसला की मग तिला कुणी हलवलं नाही. भाव पीसवर होता, नवीन काही शिकायचं म्हणजे चार दिवस कमी पीस निघणार, आणि घरात चार दिवस कमी पीसवर चालण्यासारखं कधीच नव्हतं. एकोणीस वर्षांत तिने किती चेनी लावल्या याचा हिशेब नाही. अख्खी पँट तिने एकही शिवली नव्हती. ब्लाउज तर लांबच.

पण घरी, नात्यात, विहारातल्या बायकांत सगळे म्हणत, माया शिलाईत आहे. सुरुवातीला ते दुरुस्त करावं इतकं ते मोठं नव्हतं. नंतर ते दुरुस्त करण्याची वेळ निघून गेली. कुणी ब्लाउजपीस घेऊन आलं तर ती म्हणायची, दिवसभर तेच करते गं, घरी मशीन डोळ्यासमोर नको वाटतं. बायकांना ते पटायचं. स्वतःचे ब्लाउज ती स्टेशनजवळच्या अंजनीकडून शिवून आणायची आणि पिशवीत घडी करून तळाला ठेवायची.

शनिवारी मशीन आलं तसा शेजारच्या कीर्तीने तासाभरात हिरवा ब्लाउजपीस आणून दिला. बोहनी माझी, म्हणाली. मिलिंदने तो दोन्ही हातांनी घेतला आणि मशीनवर ठेवला.

रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आल्यावर मिलिंद फ्लेक्सचा बोर्ड आणायला बदलापूर गावात ओळखीच्या माणसाकडे गेला. प्रीती मैत्रिणीकडे गेली. मायाने दार लोटलं. तिने मास्तरांकडून कापलेल्या पँटचे तुकडे आणले होते, चौतीस कमर, मिलिंदच्या मापाचे. सगळे तुकडे चिंधीने बांधलेले. एवढं तर जमेलच, असं ती रात्रभर स्वतःला सांगत होती. कापायचं नाही, नुसतं जोडायचं. एकोणीस वर्षं शेजारी बसून बघितलंय.

चेन तिने आधी लावली. लावायला नको होती, आधी काय येतं तेही तिला धड माहीत नव्हतं, पण हाताला दुसरं काही सुचलं नाही. चेन चार मिनिटांत झाली. मशीनच्या आवाजाने मांडणीवरचे पेले किणकिणले. टीप सरळ, वळणावर कुठे दाटलेली नाही. तिला बरं वाटलं. त्या चार मिनिटांत तिला खरंच वाटलं की होईल.

मग बाकीचं सुरू झालं. शेजारी बसून बघणं म्हणजे काय ते तिला कळलं. तिने शेजाऱ्यांचे हात बघितले होते, कापड बघितलं नव्हतं. खिसा एकदा उलटा लागला. उसवला. मांड्या जोडताना एक बाजू बोटभर लांब आली, ती ओढून बसवली. दोन पायांमधलं आसन जोडताना चार पदर एका जागी आले आणि सुई मोडली. दुसरी लावली. कंबरपट्टा अर्ध्यावर संपला, मागे दोन इंच पँट उरली, तिला चुण्या घातल्या. मध्ये गयाबाईने आतून पाणी मागितलं, ते दिलं. बाराच्या सुमाराला तिच्या हातात पँट होती. दोन पाय, एक कंबर, पुढे चेन. लांबून बघितलं तर पँटच.

पँट पिशवीत घालून ती अंजनीकडे गेली. अंजनी पन्नाशीची, चष्मा कपाळावर, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. रविवारी अर्धा दिवस उघडं ठेवायची. तिने बोर्डाचं ऐकलं होतं. "या, आता तुम्ही पण आमच्या लायनीत," असं म्हणून तिने स्टूल पुढे केलं आणि माझी गिऱ्हाइकं तेवढी नेऊ नका, असंही हसत सुनावलं. मायाने पँट पुढे ठेवली. जरा बघ म्हणाली, कशी वाटते.

अंजनीने चष्मा खाली घेतला. पँट उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चेन खालीवर केली. टिपेवरून अंगठा फिरवला.

"चेन कोणी लावली? हात आहे हो." मग तिने पाय ओढून बघितला. "आणि बाकीचं कोणी शिवलं?"

माया म्हणाली, "एक मुलगी आहे. शिकतेय."

"तिला म्हणावं, उसवून टाक. आणि परत शिवू नकोस. कापड वाया." अंजनी पँटची घडी घालायला लागली, ती नीट बसेना. "माझ्याकडे एक मुलगी बसते ना, दोन वर्षं झाली, अजून कात्री दिली नाही मी. हुक लावते, हातशिलाई करते. शिवणं म्हणजे काय चेन लावणं आहे?"

मायाने विचारायचं ठरवलं होतं की मला शिकवशील का, महिनाभर, फुकट नको, घेशील ते घे. ते तिने विचारलं नाही. महिनाभर पुरणार नव्हता हे तिला त्या स्टुलावरच कळलं. पिशवी घेऊन ती उठली. अंजनी मागून म्हणाली, तुमचा पिवळा ब्लाउज तयार आहे, नेता का? आता तो तुमचा तुम्हीच शिवायचा ना, असं काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण मायाचा चेहरा बघून तिने नुसता ब्लाउज कागदात गुंडाळून दिला.

घरी येऊन तिने पँट मशीनवर टाकली. आत गयाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. मायाने ब्लाउज घाईने पातेल्यामागे सरकवला.

"अंजनीकडचा आहे ना?" गयाबाई म्हणाली. "लपवतेस कशाला? मी काय आज बघते का?"

माया ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी पण तीस वर्षं काड्यापेटीच्या कारखान्यात काढली. डब्यांत काड्या भरायचे. बोटं चालायची अशी, की सायेब पाव्हणे घेऊन बघायला यायचा. कंपनी बंद झाली तेव्हा तुझा सासरा म्हणला, आपण घरी काड्यापेट्या करू." तिने लसणाची साल फुंकली. "मला कुठे काडी करता येत होती?"

"मग काय केलंत?"

"काय करणार? लोकांची भांडी घासली."

माया खाली बसली. तिला वाटलं होतं सासूला सांगितलं की ओझं कमी होईल, पण सासूला माहीतच होतं, आणि ओझं होतं तिथेच होतं. "यांना सांगू का?" तिने विचारलं.

"सांग की. पण तो काउंटरची फळी घासून बसलाय दोन दिवस. त्याच्याकडे बघून सांग."

मिलिंद तीनला आला. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्याने तो खोलीत उभा करून कागद काढला. जांभळ्या रंगावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात साडी नेसलेली बाई, खाली त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. मग त्याला मशीनवरची पँट दिसली. ही माझी का, असं विचारून उत्तराची वाट न बघता तो ती घेऊन मोरीत गेला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा पँट घातलेली होती. उजवा पाय आतल्या बाजूला वळत होता, बसायला गेला तर मागून ओढत होती. त्याने दोन पावलं टाकली. गुडघ्यापाशी कापड धरून सरळ केलं. पुन्हा दोन पावलं टाकली. माया त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो चिडला असता, हसला असता, काय हे म्हणाला असता, तर तिने सगळं सांगून टाकलं असतं. एकोणीस वर्षांचं.

तो म्हणाला, "चांगली झालीय. पहिली आहे ना."

मग त्याने बोर्ड पुन्हा कागदात गुंडाळला. अक्षरं आत राहतील असा. दोरी बांधली, गाठ दोनदा मारली.

संध्याकाळी मायाने कीर्तीच्या हिरव्या कापडाची घडी घातली आणि मशीनवरचे दोरे झटकले. प्रीतीने आल्यावर पेजसाठी फोटो मागितला तेव्हा मिलिंदच म्हणाला, राहू दे सध्या.

सोमवारी ती पाच नंबरात गेली. कारखान्यातली अर्धी मशीनं उचलली होती, भिंतींवर त्यांच्या पाठीचे काळे डाग होते. जितेशभाई फोनवर होते. तिला बघून त्यांनी हाताने विचारलं, काय? ती म्हणाली, भिवंडीला येते. त्यांनी फोन बाजूला धरला.

"सोच के बोल, अदी. परत विचारणार नाही मी."

"विचार केलाय."

नवीन भावाचं सांगून झालं होतं, तरी त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली. टेम्पो संध्याकाळी पाठवतो म्हणाले. आणि मग, कदाचित तिला बरं वाटावं म्हणून, म्हणाले की तिकडे चेनसाठी नवीन मशीन घेतोय, आपोआप लावतं, तुला फक्त कापड पुढे सरकवायचंय. हाताला काही त्रास नाही.

संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा बायका पुन्हा दारात होत्या. या वेळी मिलिंदने मागे घे, डावीकडे घे काही केलं नाही, एका बाजूने नुसता हात लावला. मशीन गेल्यावर कीर्ती पुढे आली. काय हो भाऊ, आणलंत काय नेलंत काय, माझ्या बोहनीचं काय झालं, असं तिने चार जणींना ऐकू जाईल असं विचारलं. माया आत स्वयंपाकघरात होती. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते हाताने दाबून धरलं, वाजू नये म्हणून.

"शेठ सोडत नाही हो तिला," मिलिंद बाहेर म्हणाला. "सकाळी गेली होती सांगायला. म्हणतो, अदी, तू गेलीस तर कारखाना कोण बघणार. नवीन मशीन घेतलंय खास तिच्यासाठी."

बायका बरं म्हणाल्या. एक म्हणाली, असा शेठ कुठे मिळतो. कीर्तीने तिचं हिरवं कापड परत घेतलं.

मिलिंद आत आला. कालचीच पँट त्याच्या अंगात होती. मायाने त्याच्याकडे बघितलं, त्याने बघितलं नाही. तो खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. गयाबाई उशी छातीशी धरून उठली आणि भिंतीला लागून उभी राहिली. मायाने पायाकडची बाजू धरली. वाकताना त्याची पँट मागून उसवल्याचा आवाज आला, तिघांनाही आला. खाट दारातून तिरपी करून बाहेरच्या खोलीत नेली, खिडकीपाशी जिथे होती तिथे ठेवली. खाटेखाली बोर्ड सरकवायला जागा होती.